हुरियाची पोटरी

कोतुकू हा नेटबॉलचा संघ हरतो, हे दक्षिणेकडच्या लोकांनी वाऱ्यासारखं मान्य करून टाकलं होतं. इन्व्हरकार्गिलचं स्टेडियम तरी भरायचंच. गमबूट घातलेले शेतकरी यायचे, शाळकरी पोरी यायच्या, चीज रोलचे डबे मांडीवर घेतलेल्या म्हाताऱ्या यायच्या. संघ हरायचा, आणि बाहेर पडताना कोणी ना कोणी म्हणायचं, "टेटची पोरगी मात्र खेळली हो."

टेटची पोरगी म्हणजे हुरिया. ब्लफ बंदरातली, तिशी उलटलेली, खांद्यानं रुंद, बोलायला कमी. अकरा वर्षं ती कोतुकूसाठी विंग डिफेन्स खेळत होती. नेटबॉलमधली ही सगळ्यात बिनबोभाट जागा. गोल तिला करता येत नाही, गोलाजवळच्या अर्धवर्तुळात पाऊलही टाकता येत नाही. समोरच्या संघातली विंग अटॅक, म्हणजे जी मुलगी चेंडू आत पुरवते, तिच्यापुढे हात वर करून उभं राहायचं आणि सगळा सामना तिचं जिणं नकोसं करायचं, एवढंच काम. टीव्हीवर ते फारसं दिसतही नाही. हुरियाला त्याचं काही वाटत नसे. ऑकलंडहून दोनदा बोलावणं आलं होतं. आई एकटी पडेल म्हणून ती गेली नाही. आठवडाभर ती ब्लफच्या प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला शिकवायची, दुपारी गाडी काढून सरावाला जायची, शनिवार-रविवारी हरायची.

त्या वर्षी मात्र काय झालं कोण जाणे. शूटरचा हात बसला. सेंटर खेळणाऱ्या मुलीचं लग्न मोडलं आणि तिच्या अंगात वारं शिरलं. शोना ब्रॅक नावाची नवी कोच आली होती. तिनं सराव असा काही घेतला की पोरी जिने उतरताना कठड्याला धरायच्या. कोतुकू जिंकायला लागले. पहिल्यांदा लोकांना वाटलं चुकून. पाचव्या विजयानंतर मासे-बटाट्याच्या दुकानातला माणूस हुरियाकडून पैसे घेईना.

मग एका दुपारी सराव संपल्यावर शोना म्हणाली, "एच, जरा गाडीत येऊन बस." शोना तिला एच म्हणायची.

बाहेर गारा पडत होत्या. शोनानं हीटर लावला, वायपर लावले, आणि गाडी काही सुरू केली नाही.

"पोटरी कशी आहे?"

"पोटरी? बरी आहे. का?"

"मागच्या आठवड्यात आखडली होती ना तुझी."

"ती तेव्हाच सुटली. फिजिओनं दाबून दिली."

शोना वायपरकडे बघत राहिली. "नसती सुटली तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

हुरियाला वाटलं, हा विनोद आहे. ती थोडी हसलीसुद्धा.

"रविवारी ऑकलंड आहे," शोना म्हणाली. "त्यांची विंग अटॅक तुझ्या डोक्यावरून चेंडू टाकते. तुलाही माहीत आहे, मलाही. लोसाचे हात तिथं पोचतात. मला लोसाला उतरवायचंय."

लोसा ही सरावाला येणारी मुलगी. दक्षिण ऑकलंडची, सामोआच्या घरातली, एकोणीस वर्षांची, दारातून येताना मान झुकवणारी. ती संघाबरोबर पळायची, चेंडू उचलायची, पण करारातली नव्हती.

"मग मला बेंचवर बसव," हुरिया म्हणाली. "पूर्वी काय बसले नाही?"

"बेंच धरून दहा जणी. दहाही करारातल्या, दहाही धडधाकट. सरावाची पोरगी आत घ्यायची तर दहांतली एक जखमी पाहिजे. तसा नियम आहे. मी केलेला नाही."

"मग जेसला सांग. कर्स्टीला सांग. त्या काय, वर्षभर पाणीच पितायत बसून."

"त्या पोरी आहेत, एच. आज सांगितलं तर उद्या त्यांच्या बॉयफ्रेंडच्या आईलासुद्धा कळेल. तू बोलणार नाहीस."

हे ऐकून हुरियाला बरं वाटलं. पुढे किती तरी दिवस तिला स्वतःची सगळ्यात जास्त चीड आली ती याचीच, की त्या क्षणी तिला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं कोणी तिला अशा कामासाठी निवडलं नव्हतं.

"एकच मॅच," शोना म्हणाली. "आणि फायनलला पोचलो तर तुझी जागा, तुझं बिब तुझं. माझा शब्द."

मंगळवारच्या सरावात हुरिया पळता पळता थांबली आणि डावी पोटरी धरून खाली बसली. इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. पोरी धावत आल्या. लोसानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. फिजिओ डेव्ह बर्फाची पिशवी घेऊन आला, तिच्या पायाशी वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, "डावा की उजवा?"

"डावा."

"डावा. लक्षात ठेव मग. मला दोन पोरं आहेत घरी."

त्याला शोनानं काय सांगून तयार केलं होतं, हे हुरियानं कधी विचारलं नाही. तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता, एवढं मात्र दिसत होतं. संध्याकाळी लीगच्या डॉक्टरांना त्यानं कळवलं: पोटरीचा स्नायू फाटलाय, निदान दोन आठवडे.

घरी आईला सांगणं सगळ्यात कठीण होतं. नायरी टेट पासष्टीची होती आणि अजून कालवांच्या शेडमध्ये उभी राहून कालवं फोडायची. हातातली सुरी अशी चालायची की शेजारची तरणी बाई दहा फोडेपर्यंत तिची पंधरा व्हायची. नवरा समुद्रात गेला तेव्हा हुरिया सात वर्षांची होती. त्यानंतर नायरीनं दोनच गोष्टी धरून ठेवल्या, चर्च आणि हुरियाचा खेळ. कोतुकूचा सामना असला की ती पांढरा स्कार्फ घालून बरोबर त्याच जागेवर बसायची आणि पंचांना माओरीत शिव्या द्यायची. जोरात देण्यासारख्या नव्हत्या, म्हणून हळू.

"कुठं दुखतंय?" तिनं विचारलं.

"मम, विशेष काही नाही. दोन आठवडे आराम सांगितलाय."

"बस इथं."

तिनं हीटरपुढे खुर्ची ओढली, हुरियाचा पाय मांडीवर घेतला, आणि टिटीच्या तेलाची बाटली आणली. टिटी म्हणजे जवळच्या बेटांवरचा समुद्रपक्षी. त्याच्या चरबीचं तेल दक्षिणेत सगळ्या दुखण्यांवर चोळतात. सगळ्या घरात त्याचा उग्र वास भरला. कालवं फोडून फोडून भेगाळलेल्या हातांनी नायरी खालून वर, खालून वर चोळत होती आणि तोंडानं पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. हुरियाची पोटरी दगडासारखी घट्ट आणि निरोगी होती.

"दुखतंय?"

"थोडं."

"इथं?"

"हो, तिथंच."

नायरीनं तिथंच अंगठा रोवला आणि जास्त वेळ चोळलं. हुरियानं मान फिरवली. आईला वाटलं वेदना होतात. ती म्हणाली, "रड, रड. तू लहानपणीही रडायची नाहीस."

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. चर्चमधल्या आंटी पेगनं मांस-बटाट्याचं भांडं आणून ठेवलं. शेडमधल्या बायकांनी कालवांची बरणी पाठवली. रविवारी चर्चमध्ये पाद्र्यानं हुरियाचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी गुडघे टेकले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आंटी पेगसुद्धा बाकाला धरून खाली वाकली. हुरिया बाकावर बसून राहिली. जखमी माणसाला गुडघे टेकता येत नाहीत.

त्याच दुपारी ऑकलंडशी सामना झाला. हुरिया ट्रॅकसूट घालून बेंचच्या टोकाला बसली होती. लोसा विंग डिफेन्सची अक्षरं छातीवर असलेलं बिब घालून उतरली. मनगटाच्या चिकटपट्टीवर तिनं काळ्या पेनानं एच लिहिलं होतं.

हुरियाला मनातून काय हवं होतं, हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नाही. पण पहिल्या पाच मिनिटांत तिला कळलं की ते होणार नाही. लोसा चांगली खेळत होती. ती नुसती उंच आहे म्हणून नव्हे. ऑकलंडच्या मुलीचे खांदे वळायच्या आधीच ती तिथं असायची. हुरिया अकरा वर्षांत जे एक एक करून, मार खात शिकली होती, ते या पोरीच्या अंगात जन्मतःच असल्यासारखं होतं, आणि वर ते लांब हात. सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात तिनं हवेतून असा एक चेंडू काढला की सगळं स्टेडियम उभं राहिलं. हुरियाही उठली. मग डेव्हनं तिच्या पायाकडे पाहिलं, आणि ती एका पायावर भार टाकून उभी राहिली.

कोतुकू सहा गोलांनी जिंकले. शिट्टी वाजताच लोसा सगळ्यांना सोडून बेंचच्या टोकाकडे आली आणि हुरियाला घट्ट मिठी मारून रडायला लागली.

"सॉरी, सिस. तुझी जागा आहे ही. मी नुसती सांभाळतेय. तू बरी झालीस की मी लगेच देईन."

"रडतेस काय वेडे," हुरिया म्हणाली. "छान खेळलीस."

"माझी आई रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते. तिकडे मांगेरेत आमचं सगळं चर्च करतं."

म्हणजे आता दोन चर्चं झाली.

एका सामन्याचे दोन झाले. शोना म्हणाली, "अजून एक, एच. लय मोडायला नको." दोनाचे चार झाले. डेव्ह दर आठवड्याला लीगला कळवायचा की सुधारणा आहे पण धीमी आहे. हुरिया शाळेत लंगडायची. पोरांनी तिच्यासाठी कार्डं रंगवली. बाजारात लंगडायची. घरी लंगडायची, तिथं सगळ्यात जास्त. पळायची हुक्की आली की ती गाडी घेऊन कोणी नसेल अशा किनाऱ्यावर जायची, वाळूवर धावायची, धाप लागेपर्यंत धावायची, आणि बूट झटकून परत येताना गाडीतून उतरायच्या आधी कोणता पाय ते आठवून घ्यायची. एकदा ती चुकली. स्वयंपाकघरात उजव्या पायानं लंगडली. आईनं पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी काही म्हणाली नाही.

उपान्त्य सामना जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती शोनाच्या खोलीत गेली. शोना संगणकावर सामना पुन्हा बघत होती. पडद्यावर लोसा होती.

"झालं आता," हुरिया म्हणाली. "फायनलला मी आहे."

"दार लाव."

हुरियानं दार लावलं.

"बस ना. एच, मी तुझ्याशी खोटं बोलणार नाही."

"आता कशाला बोलशील."

शोनानं ते ऐकून घेतलं. "फायनल पुन्हा ऑकलंडशीच आहे. तीच विंग अटॅक. तू माझ्या जागी असतीस तर कोणाला उतरवलं असतंस?"

हुरियाला उत्तर माहीत होतं, आणि शोनालाही माहीत होतं की तिला माहीत आहे.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. चुकलं माझं. पण शब्दासाठी मी फायनल घालवू शकत नाही. आपल्या गावात कप कधी आलाच नाहीये, एच. तुझी आई, त्या सगळ्या म्हाताऱ्या. त्यांना काय पाहिजे?"

"मग मी लीगला सांगते, मी बरी झाले. डेव्हला तपासू दे मला."

"सांग की," शोना शांतपणे म्हणाली. "मग त्यांचा डॉक्टर येईल. फोटो काढतील पायाचा. फाटलेला स्नायू म्हणे, खूण कुठंय, विचारतील. डेव्हचं लायसन्स जाईल. चार मॅचचे गुण जातील. आणि लोसा, तिला तर काहीच माहीत नाही. तिच्या नावापुढे पहिल्याच वर्षी हे लागेल. तू सांगणार असलीस तर मी थांबवणार नाही तुला."

पडद्यावर लोसा हवेत होती, एक हात लांब केलेला, आणि तिथंच थांबवलेली.

"तू गाडीत म्हणालीस ना, मी बोलणार नाही म्हणून," ती म्हणाली. "ते तू तेव्हाच मोजून ठेवलं होतंस."

"मी संघ बांधते," शोना म्हणाली. "माणसं बघूनच बांधावा लागतो."

फायनल इन्व्हरकार्गिलमध्येच झाली. आदल्या दिवसापासून दुकानांच्या काचांवर पांढरे बगळे रंगवले होते. कोतुकू म्हणजे पांढरा बगळाच. स्टेडियमबाहेर लोक तासन् तास रांगेत उभे राहिले. हुरिया ट्रॅकसूटमध्ये आली तेव्हा रांगेतले लोक बाजूला झाले, कोणी पाठीवर थोपटलं, एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. तिला वाटलं, जमीन दुभंगून आत घेईल तर बरं.

सामना सुरू झाला आणि शेवटपर्यंत कोणीही दोन गोलांच्या पुढे गेलं नाही. तिसऱ्या भागात कोतुकूची गोल डिफेन्स खेळणारी मुलगी खरोखर पडली. तिचा घोटा मुरगळला होता, तिचं ओरडणं वरच्या रांगेपर्यंत गेलं. शोनानं बेंचकडे वळून पाहिलं. क्षणभर तिची नजर हुरियावर थांबली. हुरिया ती जागा डोळे मिटून खेळू शकली असती, आणि दोघींनाही ते माहीत होतं. मग शोनानं जेसला उठवलं. हुरियानं तिच्या बिबचा पट्टा लावून दिला आणि म्हणाली, "तिच्या डोळ्यांकडे बघू नकोस. कमरेकडे बघ. कंबर फसवत नाही." जेसनं मान हलवली. पुढची मिनिटं ती बरी निभावली.

प्रेक्षकांत नायरी आपल्या नेहमीच्या जागेवर होती. हुरियानं एकदा वर पाहिलं. सगळे चेंडूकडे बघत होते आणि तिची आई हुरियाकडे बघत होती. स्कार्फचं टोक तोंडाशी धरलेलं.

अखेरीस कोतुकू एका गोलानं पुढे होते, चेंडू ऑकलंडकडे होता, आणि त्यांच्या विंग अटॅकनं तोच पास टाकला, तो डोक्यावरून. लोसाच्या बोटांची टोकं लागली. तेवढंच पुरलं. शिट्टी झाली.

गावानं असा आवाज पूर्वी कधी केला नसेल. माणसं कठडे ओलांडून खाली आली. शेतकरी रडत होते. हुरियाच्या गळ्यात पदक पडलं आणि लोसानं तिला ओढत व्यासपीठावर नेलं. कप उचलायला एक बाजू तिच्या हातात दिली. फोटोत हुरिया हसताना दिसते. डावा पाय किंचित वर धरलाय. ती सवय झाली होती.

सोमवारी उघड्या ट्रकवरून मिरवणूक निघाली. हुरियाला चढवायला चार जणांनी हात दिला. नगराध्यक्षांनी भाषण केलं. शोनानंही केलं. "फायनलला आमच्यातली एक जण खेळली नाही," ती म्हणाली. "पण तिच्याशिवाय हा कप आला नसता. तिनं काय सोसलंय ते मला माहीत आहे." लोकांनी हुरियाच्या नावानं टाळ्या वाजवल्या. शोनाचा आवाज मध्येच दाटून आला. हुरिया बघत राहिली. ते नाटक होतं की खरं, हे तिला ओळखता आलं नाही. खरं असेल तर ते जास्त वाईट, असं तिला वाटलं.

नव्या हंगामाचे करार करायला संघाच्या कचेरीत एकेकीला बोलावलं. टेबलापलीकडे व्यवस्थापक ग्रँट बसला होता. साधा, गोल चेहऱ्याचा, मेंढ्यांच्या व्यापारातून आलेला माणूस. त्याला खेळातलं फारसं कळत नव्हतं, आणि या प्रकरणातलं तर काहीच. शोना खिडकीशी बसली होती.

"हुरिया," ग्रँट म्हणाला, "हे मला बोलायला फार जड जातंय. तुझ्यासारखी माणसं संघाचा कणा असतात. पण या वयात पोटरी गेली की... आम्ही डॉक्टरांचंही मत घेतलं. इतके आठवडे लागले भरायला. पुढच्या वर्षी ती जागा आम्ही लोसाला देतोय. करारानं."

हुरियानं शोनाकडे पाहिलं. शोना हातातलं पेन उघडत होती, मिटत होती.

"ग्रँट," हुरिया म्हणाली, "माझ्या पोटरीला काहीही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

ग्रँटच्या चेहऱ्यावर दया दाटून आली. त्यानं टेबलावरून हात पुढे केला आणि तिच्या हातावर ठेवला.

"माझा भाऊ रग्बी खेळायचा," तो म्हणाला. "गुडघा जाऊन दोन वर्षं झाली तरी म्हणायचा, मला काही झालं नाही. मला कळतं गं."

"तुला कळत नाहीये. शोनाला विचार. मी लंगडले ते तिनं सांगितलं म्हणून."

ग्रँट गोंधळून शोनाकडे वळला. शोनाला बोलायची संधी होती. तिनं पेन टेबलावर ठेवलं.

"एच," ती अगदी हळू म्हणाली, आणि तो आवाज मायेचा होता, "नको ना असं. कोणालाच आवडत नाही संपलेलं. मी खेळणं सोडलं तेव्हा मीही कोणाकोणाला दोष दिला होता."

हुरिया उठली. उठताना ती ताठ उठली, दोन्ही पायांवर, आणि दारापर्यंत सरळ चालत गेली. ग्रँट तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत पुटपुटला, "बिचारी, किती धीराची आहे."

ब्लफला पोचेपर्यंत तिनं काय ठरवलं होतं, हे तिला पुढे नीट सांगता येत नसे. पण घरात शिरल्या शिरल्या तिनं आईला सगळं सांगितलं. गाडीतलं बोलणं, डेव्ह, किनाऱ्यावरचं पळणं, ग्रँट. नायरी ओट्याशी बटाटे सोलत होती. ऐकताना तिनं सोलणं थांबवलं नाही. सगळं सांगून झालं तेव्हा तिनं सुरी ठेवली.

"म्हणजे मी रोज रात्री चोळत होते तो पाय चांगला होता."

"हो."

"आणि तू म्हणायचीस दुखतंय."

"मम, मी काय करणार होते? शोनानं..."

"शोनाचं मला सांगू नकोस. ती माझी कोण लागते?" नायरीचा आवाज चढला नव्हता. "पेगनं गुडघे टेकले तुझ्यासाठी. त्या गुडघ्यावर. मी देवापुढे उभी राहून म्हणाले, माझं काही घे, पण पोरीचा पाय दे. आणि तू बाकावर बसून ऐकत होतीस."

हुरियाला वाटलं होतं, आई चिडेल ती शोनावर चिडेल. कोट चढवून इन्व्हरकार्गिलला जायला निघेल, त्या बाईच्या तोंडावर बोलेल. लहानपणी शाळेत कोणी काही म्हटलं की ती अशीच निघायची. या वेळी ती परत बटाट्यांकडे वळली.

"मी पेगला सांगेन सगळं," हुरिया म्हणाली. "सगळ्यांना सांगेन."

"काही सांगायचं नाही." नायरीनं मागे न बघता म्हटलं. "मला या गावात राहायचंय. शेडमध्ये उभं राहायचंय त्या बायकांशेजारी. रविवारी येशील तेव्हा जरा जपून चाल. महिनाभर. मग हळूहळू सोडून दे."

"नाही, मम."

"मग येऊ नकोस."

रविवारी हुरिया गेली. घरापासून चर्चपर्यंत ती सरळ चालली, वेगानं चालली, आणि नायरी तिच्यापासून चार हात पुढे, तिला मागे टाकायचं असल्यासारखी. दारातच आंटी पेगनं हुरियाला पाहिलं. तिच्या पायांकडे पाहिलं. काठी बाजूला टाकून तिनं हुरियाचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"आंटी, मला काहीतरी सांगायचंय," हुरिया म्हणाली.

"काय सांगतेस, डोळ्यांनी बघतेय ना मी." पेगचे डोळे भरून आले होते. ती मागे वळून बाकीच्यांना हाका मारू लागली. बायका जमल्या. कोणी हुरियाला चालून दाखवायला सांगितलं, कोणी पोटरीला हात लावून पाहिला. हुरिया म्हणाली, "ऐका तरी, पाय दुखावलाच नव्हता." एक बाई हसून म्हणाली, "आता असंच वाटणार तुला." आणि सगळ्या हसल्या.

प्रार्थनेनंतर पाद्र्यानं विचारलं, कोणाला आभार मानायचेत का. बाकांवर सगळ्यांच्या माना नायरीकडे वळल्या. हुरियानं आईच्या बाहीला हात लावला. नायरीनं तो सोडवला आणि उभी राहिली. पांढरा स्कार्फ नीट केला. मुलीचा पाय बरा केल्याबद्दल तिनं देवाचे आभार मानले, आधी माओरीत, मग इंग्रजीत, आवाज न कापता, एकही शब्द न चुकता. मग ती खाली बसली आणि भजनाचं पुस्तक उघडून पान शोधू लागली.

पुढच्या हंगामात हुरिया ब्लफच्या क्लबकडून खेळली, शनिवारी सकाळी, डांबरी मैदानावर, वाऱ्यात. चांगली खेळली. कडेला उभे असलेले लोक एकमेकांना तिचा पाय दाखवत. लोसा दर सामन्याआधी फोन करायची, समोरच्या मुलीबद्दल विचारायची, आणि हुरिया सांगायची, अगदी बारीकसारीक, काही न राखता. फोन ठेवताना लोसा दर वेळी विचारायची, "पोटरी कशी आहे, सिस?"

हुरिया म्हणायची, "बरी आहे."

घरात आई आणि ती एकाच टेबलावर जेवत. नायरी पाय मांडीवर घेत नसे आता, आणि सामन्यांना जाणंही तिनं सोडलं होतं.